कर्वेनगरच्या अनोळखी शेजाऱ्यांचे आभार

मंगळवारी संध्याकाळी आमचे बाबा कोथरूडहून फिरायला निघाले आणि परतलेच नाहीत. त्यांना स्मृतिभ्रंश आहे. नाव सांगतात, पत्ता मात्र जुन्या वाड्याचा. आम्ही ११२ ला कळवलं, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकला. तासाभरात तो पार्किंगच्या भांडणाखाली आणि फॉरवर्डखाली गाडला गेला. किती चीड आली म्हणून सांगू! रात्रभर तो पुन्हा पुन्हा वर आणणाऱ्यांची नावंही मला माहीत नाहीत.

तिकडे कर्वेनगरच्या ग्रुपवर बाबांचाच दुसरा फोटो फिरत होता: 'गेटपाशी संशयास्पद माणूस, सावध राहा.' हे नंतर कळलं तेव्हा अंगावर काटा आला. २०१८ साली धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने ५ निरपराध भिक्षेकऱ्यांना मारून टाकलं होतं. त्यामागेही मोबाइलवर फिरणाऱ्या अशाच अफवा होत्या.

त्या फोटोखाली ज्या ताईंनी लिहिलं, 'आजोबा घाबरलेत, आधी पाणी द्या', त्यांना माझा मनापासून नमस्कार. दोन्ही फोटो जुळवून आम्हाला फोन करणारे दादा, आपली खुर्ची बाबांना देऊन स्वतः उभे राहिलेले वॉचमनकाका, आम्ही पोहोचलो तेव्हा बाबांना दूध-पोळी भरवत असलेल्या आजी… गडबडीत कुणाचंच नाव विचारायचं राहिलं. तुमचे उपकार फिटणार नाहीत.

बाबा घरी सुखरूप आहेत. 'हरवले आहेत'चा तो मेसेज मात्र अजून फिरतोय. तुमच्याकडे आला, तर कृपया पुढे पाठवू नका. पाठवणाऱ्याला तेवढं कळवा.