जुन्या टर्बो गाड्यांचा मूळपणा जपायला हवा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जुन्या मोटारींची हौस गोव्याला नवी नाही. पोर्तुगीज अमदानीच्या शेवटच्या दशकात आयात बरीच खुली असल्याने ज्या युरोपीय गाड्या येथे उतरल्या, त्यांतील काही आजही निगुतीने सांभाळलेल्या दिसतात. आता त्यांच्यानंतरच्या पिढीची पाळी आली आहे. १९७३ च्या फ्रँकफुर्ट प्रदर्शनात मांडलेली बीएमडब्ल्यू २००२ टर्बो आणि १९७४ च्या पॅरिस प्रदर्शनातली पोर्श ९११ टर्बो यांनी पन्नाशी गाठली असून, परदेशात स्थिरावलेले हौशी गोमंतकीय त्यांच्याकडे वळले तर नवल नाही. अशा खरेदीदारांना माझे कळकळीचे सांगणे आहे की, नवा रंग मारून चकचकीत केलेल्या गाडीपेक्षा, रंग उडालेली पण हात न लागलेली गाडी त्यांनी आधी पाहावी.

याचे कारण टर्बो गाडीच्या स्वभावात आहे. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा. टर्बो नसलेल्या साध्या इंजिनाची ताकद वाढवायला बराच खर्च आणि कौशल्य लागते. टर्बो इंजिनात मात्र या हवेचा दाब (बूस्ट) थोडा वाढवला की ताकद लगेच वाढते. म्हणून या गाड्यांच्या पहिल्या-दुसऱ्या मालकांनी मोठे टर्बो, निराळे सायलेन्सर आणि वाढीव बूस्ट यांचे प्रयोग सर्रास केले. पोर्श ९११ टर्बोच्या पहिल्या तीन लिटर इंजिनाचे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात हवा-पेट्रोल किती पट दाबले जाते ते प्रमाण, ६.५ ला १ इतके कमी आणि ताकद २६० अश्वशक्ती होती. त्यात इंटरकूलर, म्हणजे टर्बोत तापलेली हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणारा भाग, नव्हता. तो १९७८ च्या मॉडेलमध्ये ३.३ लिटर इंजिनाबरोबर आला. तेव्हा १९७५ च्या गाडीत इंटरकूलर दिसला, तर तो कोणीतरी नंतर बसवला आहे हे उघड आहे, आणि त्या इंजिनाने किती वर्षे किती दाब सोसला, हा प्रश्न विक्रेत्याला विचारलाच पाहिजे. बीएमडब्ल्यूच्या त्या मॉडेलच्या अवघ्या १,६७२ गाड्या बनल्या आणि त्या मुख्यतः पांढऱ्या व चंदेरी या दोनच रंगांत बाहेर पडल्या. त्यामुळे निराळ्या रंगाची गाडी समोर आली, तर तिची कागदपत्रे अधिकच बारकाईने तपासावी लागतात.

आपल्या किनाऱ्यावर तर पत्र्याचा प्रश्न इंजिनाहूनही मोठा आहे. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत उघडा पत्रा फार काळ टिकत नाही. पोर्शने ९११ चा सांगाडा जस्तलेपित पत्र्याचा करायला १९७६ च्या मॉडेलपासून सुरुवात केली. त्याआधीच्या गाडीला ते संरक्षण पूर्णपणे लाभलेले नाही. जुना रंग असेल तर गंज निदान डोळ्यांना दिसतो, पण नव्या रंगाखाली खळगे बुजवायची पुट्टी भरलेली असेल तर तो दोन-तीन पावसाळ्यांनंतरच वर येतो. रंगाची जाडी मोजणारे लहानसे यंत्र सोबत न्यावे. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. आकडा त्याच्या कितीतरी पट निघाला, तर खाली काय दडले आहे याचा अंदाज येतो. दाराखालचा पत्रा आणि बॅटरीखालची जागा गाडी वर उचलूनच पाहावी.

मात्र मूळपणाचा आग्रह धरताना झिजणारे भाग आणि गाडीची ओळख असणारे भाग यांत फरक करावा लागतो. मिनिटाला लाखभर फेरे घेऊ शकणारा टर्बो त्या काळी केवळ इंजिनाच्या ऑइलवर थंड राहत असे. तापलेले इंजिन एकदम बंद केले की बेअरिंगपाशी ऑइल जळून त्याचा कोळसा होई. म्हणून टर्बोचे बेअरिंग, ऑइल सील, रबरी होज, पेट्रोलच्या नळ्या, ब्रेक आणि टायर हे सगळे बदललेच पाहिजे. पन्नास वर्षांची पेट्रोलची नळी तापलेल्या टर्बोजवळ ठेवणे म्हणजे आगीला निमंत्रण आहे. इंजिनाचा ब्लॉक, त्यावरील क्रमांक, मूळ पत्रा आणि आतली बैठक यांचे मात्र तसे नाही. ते एकदा गेले की कितीही पैसे ओतले तरी परत येत नाहीत. आपल्याकडे काही देवळांच्या जीर्णोद्धारात कोरीव लाकडी खांब जाऊन गुळगुळीत फरशी आली, तशीच ही हानी आहे. काढलेला प्रत्येक जुना भाग चिठ्ठी लावून जपून ठेवावा आणि केलेल्या कामाची तारीखवार नोंद व छायाचित्रे गाडीसोबत पुढच्या मालकाला द्यावीत.

केंद्र सरकारने २०२१ साली केलेल्या नियमांनुसार, पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते आणि तिची पाहणी समितीमार्फत होते. आयात आणि जकात यांचे नियम हा वेगळा विषय आहे. परंतु पाहणीच्या बाबतीत गोव्याच्या वाहतूक खात्याने दोन गोष्टी लेखी स्पष्ट कराव्यात, अशी माझी विनंती आहे. मूळ मापाचे सील, बेअरिंग, होज आणि ब्रेकचे भाग बदलणे हा फेरफार मानला जाऊ नये. आणि नंतर बसवलेला मोठा टर्बो किंवा इंटरकूलर समितीने आपल्या अहवालात नोंदवावा, म्हणजे ती माहिती पुढच्या खरेदीदारालाही मिळू शकेल.

आपला विश्वासू,
एक वाचक, फोंडा-गोवा