फ्रान्सचा शेंगेन व्हिसा रियुनियनला सहसा चालत नाही

मा. संपादक, स. न.

आपल्या रविवारच्या अंकात हल्ली सहलींच्या जाहिराती भरगच्च असतात. केळीला बरा भाव मिळाला की रावेर-सावद्याकडची मंडळीही आता जोडीनं मॉरिशस गाठतात. चांगलंच आहे. मॉरिशसला भारतीय पर्यटकाला आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट, राहायची सोय दाखवली की विमानतळावरच शिक्का मिळतो. पण काही एजंट त्याच पॅकेजला 'शेजारचं रियुनियन बेटही' असं शेपूट जोडतात आणि घोळ तिथे होतो.

रियुनियन मॉरिशसपासून सव्वादोनशे किलोमीटरवर, विमानानं पाऊण तास. पण ते फ्रान्सचं आहे. १९४६ पासून तो फ्रान्सचा सागरपार जिल्हा, चलनही युरो. एवढं कळलं की शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा, असला म्हणजे झालं, असं कुणालाही वाटेल. तसं नाही. बेट युरोपीय संघात आहे, शेंगेनमध्ये नाही. तिथला व्हिसा फ्रान्सकडूनच, पण सहसा त्या बेटासाठी म्हणून वेगळा घ्यावा लागतो.

आमच्या गल्लीतल्या एका भाऊंकडे युरोप सहलीचा शेंगेन व्हिसा अजून मुदतीत होता. एजंट म्हणाला, "भाऊ, फ्रान्सचाच तर आहे, टेन्शन घेऊ नका." मॉरिशसच्या विमानतळावर काउंटरलाच त्यांना अडवलं. विमान कंपनी अडवणारच, कागद अपुरे असलेला प्रवासी नेला तर दंड तिला बसतो. तिकिटाचे, हॉटेलचे पैसे गेले. वहिनींना पितों द ला फुर्नेझचा ज्वालामुखी बघायचा होता, तोही राहिला. मी रेल्वेत तिकीट तपासनीस होतो. पॅसेंजरचं तिकीट काढून सुपरफास्टमध्ये बसणारेही "तिकीट तर आहे ना साहेब" असंच म्हणायचे.

उलट बाजूही आहे. पॅरिसहून रियुनियनला जाऊन पुन्हा पॅरिसला यायचं असेल, तर एकदाच प्रवेश देणारा शेंगेन व्हिसा बेटावर निघतानाच संपतो. परतताना दार बंद! डेन्मार्कच्या ग्रीनलँडचंही तसंच, व्हिसावर ग्रीनलँडचा वेगळा उल्लेख लागतो. परदेश कशाला, आपल्याच लक्षद्वीपला जायला आपल्यालाच परमिट काढावं लागतं. म्हणून व्हिसाच्या स्टिकरवर 'व्हॅलिड फॉर'पुढे काय छापलंय ते घरीच वाचावं.

जाहिरात विभागाला विनंती आहे. 'व्हिसाची चिंता नको' असं छापून घेणाऱ्याला प्रत्येक बेटासाठी कुठला व्हिसा लागतो, तो कोण काढणार आणि सवलत असलीच तर कुठल्या अटीवर, हे जाहिरातीतच लिहायला लावा. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि भाऊ जळगावला जाणारही आहेत. पण हाती फक्त 'टूर पॅकेज' एवढंच लिहिलेली पावती. बाकी सगळं फोनवर बोललेलं.

— एक निवृत्त तिकीट तपासनीस, भुसावळ