रीस्टार्ट करण्याआधी पुरावा जपा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

प्रवेशअर्जांची संकेतस्थळे, सातबारा उतारे, रेशन दुकानांतील ई-पॉस यंत्रे किंवा बँकांचे व्यवहार बंद पडल्याच्या बातम्या अधूनमधून छापून येतात आणि बहुतेक वेळा ‘तांत्रिक अडचण दूर करून सेवा पूर्ववत करण्यात आली’ या वाक्याशी संपतात. अडचण कोणती होती, ती कशी सापडली आणि ती पुन्हा येऊ नये म्हणून काय बदलले, हे वाचकाला कळत नाही. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणाऱ्या सर्व्हरच्या देखभालीचे काम करणारा तंत्रज्ञ म्हणून माझे मत असे आहे, की पुष्कळदा ते संबंधित यंत्रणेलाही कळलेले नसते. कारण सर्व्हर बसला की पहिला हात रीस्टार्टकडे जातो आणि त्या एका कृतीत बिघाडाचा बराचसा पुरावा पुसला जातो. क्लाउडवरील सर्व्हर कोसळला की आधी पुरावा जपायचा आणि मग दुरुस्तीला हात घालायचा, हा क्रम निदान सार्वजनिक सेवांसाठी तरी बंधनकारक व्हावा, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

कर्नल हा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. मेमरी, प्रोसेसर, डिस्क आणि नेटवर्क कोणाला किती मिळावे हे तो ठरवतो. डिस्कवरच्या कोणत्या जागेत कोणत्या फाइलचा मजकूर आहे, याचा हिशेब फाइल सिस्टिम ठेवते. स्वतःच्या मेमरीत सावरता न येणारी विसंगती आढळली, की कर्नल थांबतो. त्यालाच कर्नल पॅनिक म्हणतात. एक्सएफएस ही फाइल सिस्टिम आपल्या हिशेबात अशी विसंगती आढळली की स्वतःला बंद करून घेते, आणि ईएक्सटी-४ या दुसऱ्या फाइल सिस्टिमला तसे सांगून ठेवले असेल तर ती ‘फक्त वाचता येईल’ अशा स्थितीत जाते. यांतले बरेचसे थांबणे हेतुपुरस्सर असते, कारण चुकीच्या हिशेबावर लिहीत राहिले तर आज बिघडलेल्या चार फाइलींच्या उद्या चारशे होतात. या दोन्ही फाइल सिस्टिम आपल्या रचनेतला बदल आधी जर्नलमध्ये टिपतात आणि नंतर मूळ जागी उतरवतात, जशी दुकानदाराची नोंद आधी रोजकीर्दीत पडते आणि मग खतावणीत जाते. यंत्र मध्येच बंद पडले तर पुढच्या वेळी जर्नलमधल्या उरलेल्या नोंदी उतरवून हिशेब जुळवला जातो. म्हणून साधी वीज गेल्याने फाइल सिस्टिम सहसा बिघडत नाही, आणि बिघडलीच असेल तर त्यामागे वेगळे कारण असते, जे शोधावे लागते.

क्लाउडवर हा शोध अवघड होतो तो दोन कारणांमुळे. पहिले, यंत्रासमोर उभे राहून पडद्यावरच्या शेवटच्या ओळी वाचता येत नाहीत. ॲमेझॉनची केंद्रे मुंबईत २०१६ पासून आणि मायक्रोसॉफ्टची पुण्यात २०१५ पासून आहेत. पण तिथला सर्व्हर पुण्यातल्या ग्राहकालाही तितकाच अदृश्य असतो. दुसरे, त्या सर्व्हरची डिस्क बहुधा त्याच पेटीत नसते, ती नेटवर्कपलीकडे असते. लिनक्समध्ये एनव्हीएमई या पद्धतीने जोडलेल्या डिस्ककडून उत्तर येण्यासाठी नेहमीची मुदत ३० सेकंदांची आहे. साठवणुकीच्या बाजूने त्याहून जास्त खोळंबा झाला, तर डिस्क शाबूत असूनही कर्नल तिला चुकलेली मानतो आणि फाइल सिस्टिम लिहिणे थांबवते. ही मुदत शक्य तितकी वाढवावी, असा सल्ला ॲमेझॉनच्याच मार्गदर्शिकेत आहे. आणि इथेच पुराव्याचा खरा प्रश्न उभा राहतो: ऑपरेटिंग सिस्टिम असलेल्या मूळ डिस्कवर लिहिणेच थांबले, तर बिघाडाची नोंद करणारा लॉगही त्या क्षणापासून लिहिला जात नाही. रीस्टार्टनंतर लॉग उघडणाऱ्याला सगळे सुरळीत चाललेले दिसते आणि मग अचानक कोरी जागा लागते. त्यासाठी लॉग त्याच वेळी दुसऱ्या यंत्राकडे जात राहिला पाहिजे.

डिस्कच्या चुकीकडे काणाडोळा केला की काय होते, हे २०१८ साली पोस्टग्रेस या डेटाबेसच्या विकासकांसमोर आलेल्या प्रकरणातून कळते. ‘ही माहिती डिस्कवर पक्की उतरव’ असे डेटाबेसने कर्नलला सांगितले आणि ते जमले नाही, तर कर्नल एकदा चूक कळवत असे. पण मेमरीतली ती पाने (माहितीचे तुकडे) ‘लिहून झाली’ अशी खूण करून ठेवत असे. डेटाबेसने पुन्हा तीच विनंती केली की दुसऱ्यांदा ‘यशस्वी’ असे उत्तर मिळे, आणि माहिती मात्र डिस्कवर नसे. अनेक वर्षे डेटाबेस पुन्हा प्रयत्न करून समाधान मानत होता. फेब्रुवारी २०१९ च्या सुधारित आवृत्त्यांपासून पोस्टग्रेस अशा वेळी स्वतःहून कोसळतो आणि आपल्या नोंदवहीतून माहिती पुन्हा उभी करतो. जगभर वापरात असलेल्या डेटाबेसच्या अनुभवी विकासकांनी चालू राहण्यापेक्षा थांबणे निवडले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडे मात्र सर्व्हर किती लवकर उठवला यावरच तंत्रज्ञाची लायकी ठरते.

प्रत्यक्षात करायचे काय, हे थोडे सविस्तर सांगतो, कारण या क्षेत्रात नव्याने आलेली अनेक मुले-मुली रात्रपाळीला एकटी असतात. ॲमेझॉनसारख्या सेवेत दोन मुख्य तपासण्या वेगवेगळ्या दिसतात: एक खालच्या यंत्रसामग्रीची आणि एक आपल्या सर्व्हरच्या आतल्या स्थितीची. पहिली नापास असेल तर दोष सेवादात्याच्या बाजूचा असतो आणि सर्व्हर थांबवून पुन्हा सुरू केला की तो सहसा दुसऱ्या यंत्रावर जातो. मात्र यंत्रालाच जोडलेली तात्पुरती डिस्क वापरत असाल तर थांबवताच तिच्यावरचे सारे जाते. दुसरी नापास असेल तर कन्सोलवरचा, म्हणजे सर्व्हरच्या पडद्यावर उमटणारा, मजकूर आधी उतरवून घ्यावा. ॲमेझॉनवर त्यातला शेवटचा ६४ केबी एवढाच भाग मिळतो, म्हणून पुन्हा पुन्हा रीस्टार्ट केल्यास मूळ पॅनिकच्या ओळी वर सरकून नाहीशा होतात. मेमरी संपली म्हणून कर्नलने डेटाबेसची प्रक्रिया (चालू प्रोग्रॅम) मारली असेल, तर तेही तिथेच दिसते. तो कर्नल पॅनिक नव्हे आणि त्याचा उपायही वेगळा.

सर्व्हर नुसता गोठला असेल तर तडक रीस्टार्ट न करता त्याला बाहेरून निदानासाठीचा इंटरप्ट (हातचे काम थांबवायला लावणारा संकेत) पाठवता येतो. त्याने कर्नल मुद्दाम पॅनिकमध्ये जातो आणि केडम्प ही सोय आधीच चालू असेल, तर मेमरीची प्रत डिस्कवर उतरते. कोणती प्रक्रिया कोणत्या कुलपापाशी (एका वेळी एकालाच वापर करू देणाऱ्या खुणेपाशी) अडकली होती, हे त्या प्रतीवरून नंतर शांतपणे पाहता येते. केडम्पसाठी थोडी मेमरी राखून ठेवावी लागते, आणि ती वाचवण्यासाठी ही सोय बंद ठेवणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. सीरियल कन्सोलचेही (सर्व्हरचे नेटवर्क बंद असतानाही आत जाण्याची वाट) तसेच. सेवा उपलब्ध असते, पण क्लाउडच्या तयार प्रतिमांमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिम आधीच बसवलेल्या डिस्कच्या नमुन्यांमध्ये) प्रवेश एसएसएच कीने, म्हणजे पासवर्डऐवजी गुप्त किल्लीच्या फाइलने, होतो आणि वापरकर्त्याला पासवर्डच नसतो; त्यामुळे नेमक्या अडचणीच्या वेळी कन्सोल उघडतो आणि आत जाता येत नाही. ही तपासणी शांततेच्या दिवशीच करायची असते.

यानंतर डिस्कचा स्नॅपशॉट (त्या क्षणीची जशीच्या तशी टिपलेली स्थिती) घ्यावा, आणि दुरुस्तीचे सारे प्रयोग त्यातून बनवलेल्या प्रतीवर, मदतीच्या दुसऱ्या सर्व्हरला ती जोडून करावेत. मदतीचा सर्व्हर त्याच प्रतिमेतून बनलेला नसावा, कारण दोन डिस्कची ओळख-संख्या एकच निघाली तर तो भलत्याच डिस्कवरून सुरू होऊ शकतो. एक्सएफएस तर तशी जुळी डिस्क जोडायलाच नकार देते आणि तिला ‘नोयूयूआयडी’ हा पर्याय द्यावा लागतो. ईएक्सटी-४ ची तपासणी डिस्क माउंट (वापरासाठी उघडलेली) नसताना आणि पहिल्यांदा केवळ वाचून करावी. तिचा सुपरब्लॉक (फाइल सिस्टिमची मूळ माहिती असलेला भाग) खराब असेल तरी घाबरू नये. ४ केबीच्या ब्लॉकची फाइल सिस्टिम असेल तर ३२७६८ व्या ब्लॉकवर त्याची प्रत असते. एक्सएफएसचे दुरुस्तीचे साधन जर्नलमध्ये नोंदी शिल्लक असताना काम करायला नकार देते आणि आधी डिस्क माउंट करून त्या उतरवून घ्यायला सांगते. त्या सूचनेकडे दुर्लक्ष करून ‘एल’ हा पर्याय वापरला, की रोजकीर्दीतली न उतरवलेली पाने फाडून टाकली जातात. तो शेवटचा उपाय आहे, पण इंटरनेटवरून आज्ञा चिकटवणारे तो पहिलाच करतात.

सर्व्हर उठतच नाही, अशा प्रसंगांतले कितीतरी मुळात फाइल सिस्टिमच्या बिघाडाचे नसतात. एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना जोडायच्या डिस्कच्या यादीत, काढून टाकलेल्या डिस्कची ओळ राहिली, तिला ‘नोफेल’ (डिस्क नसली तरी पुढे जा) लावले नव्हते, म्हणून यंत्र आपत्कालीन स्थितीत अडकले. किंवा बूटची (यंत्र सुरू होताना लागणाऱ्या फाइलींची) जागा भरल्यामुळे नव्या कर्नलची इनिटरॅमएफएस ही सुरुवातीला लागणारी फाइल अर्धवट बनली आणि मूळ फाइल सिस्टिम माउंट करता येत नाही असे सांगून कर्नल पॅनिक झाला. दोन्हींवरचा उपाय काही मिनिटांचा आहे, आणि कन्सोल न वाचणाऱ्याला मात्र अख्खी रात्र पुरत नाही.

रीस्टार्ट सदैव वाईटच, असे मी म्हणत नाही. १९ जुलै २०२४ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या सुरक्षा प्रणालीसाठी एक फाइल जगभर पाठवली. कर्नलच्या आत चालणारा तिचा भाग २१ वे मूल्य वाचू पाहत होता आणि त्याला मूल्ये दिलेली होती २०. त्यामुळे मेमरीच्या हद्दीबाहेर वाचन झाले आणि विंडोज कोसळले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख यंत्रे बंद पडली. सदोष फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली गेली, तरी तोवर ती उतरवून घेतलेली यंत्रे सुरू होताच पुन्हा कोसळत होती. आपल्याकडे विमानतळांवर चेक-इन खोळंबले आणि हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. क्लाउडवरच्या विंडोज सर्व्हरांसाठी मायक्रोसॉफ्टने वारंवार रीस्टार्ट करून पाहण्याचा सल्ला दिला होता, काहींना तो १५ वेळांपर्यंत करावा लागला, आणि त्याने न सुटलेल्यांसाठी डिस्क दुसऱ्या सर्व्हरला जोडून ती एक फाइल काढण्याचा मार्ग होता. तिथे रीस्टार्ट योग्य ठरला, कारण कोसळण्याआधी सुधारित फाइल उतरण्याची संधी यंत्राला मिळावी, हा हेतू ठाऊक होता. कारण माहीत असताना केलेला रीस्टार्ट हा उपाय आहे. पुढे त्याच कंपनीने ६ ऑगस्टला मूळ कारणाचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला, म्हणूनच २१ आणि २० हे आकडे मी इथे लिहू शकतो.

अद्ययावत करण्यालाही धोका असतो. डिसेंबर २०२३ मध्ये लिनक्सच्या ६.१.६४ या कर्नलमध्ये, नव्या शाखेतली एक दुरुस्ती जुन्या शाखेत आणताना तिच्या आधी लागणारा बदल मागे राहिला आणि ईएक्सटी-४ वरची काही प्रकारची लेखने बिघडू लागली. डेबियन या लिनक्स वितरणाच्या विकासकांनी १२.३ ची प्रतिमा रोखून धरली आणि १० डिसेंबरला दुरुस्त कर्नलसह १२.४ दिली. यावरून काही जण अपडेटच नको असा निष्कर्ष काढतात, तो मला मान्य नाही. ३० जून २०२४ रोजी ज्याचा आधार संपला त्या सेंटओएस ७ या लिनक्स आवृत्तीवर आजही एखादी सेवा चालवणे अधिक धोक्याचे आहे. अपडेट आधी एका-दोन सर्व्हरांवर, चार दिवस थांबून मग सगळीकडे, आणि जुना कर्नल बूटच्या यादीत शिल्लक ठेवून करावे.

आता मागणी. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवणे आणि लॉग १८० दिवस भारतात जपणे बंधनकारक आहे. मात्र सेवा का कोसळली हे नागरिकांना सांगण्याची सक्ती त्यात नाही. राज्य शासनाने, महापालिकांनी आणि विद्यापीठांनी क्लाउड सेवेच्या निविदांमध्ये काही अटी घालाव्यात: केडम्प आणि दूरस्थ लॉग चालू असावेत, सीरियल कन्सोलमधला प्रवेश दर तिमाहीला प्रत्यक्ष करून पाहावा, दुरुस्तीपूर्वी स्नॅपशॉट घेतल्याची नोंद ठेवावी आणि बॅकअपमधून सर्व्हर खरोखर उभा करून दाखवावा. ॲमेझॉन स्वतःच सांगते की तिच्या नेहमीच्या हजार डिस्कमागे वर्षाला एक-दोन निकामी होणे अपेक्षित धरावे; तेव्हा ‘आमचे सारे क्लाउडवर आहे’ हे बॅकअप नसण्याचे समर्थन होऊ शकत नाही. आणि सेवा काही तासांहून अधिक बंद राहिली, तर पंधरा दिवसांत दोन पानांचा अहवाल संकेतस्थळावर टाकावा. त्यात पहिली खूण कधी दिसली, कन्सोलवर काय होते, कोणती माहिती गेली व कोणती परत मिळाली, आणि कारण सापडले नसेल तर तसे स्पष्ट लिहिलेले असावे. आपल्या बातमीदारांनीही पुढच्या वेळी सेवा पूर्ववत झाल्याचे कळताच संबंधित खात्याकडे हा अहवाल मागावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर, पुणे