घासलेल्या गिटारने कुणी रोरी होत नाही

महोदय,

रविवारच्या पुरवणीत आयरिश ब्लूज-रॉक गिटारवादक रोरी गॅलाहर याच्यावर लेख आला, हे चांगलेच झाले. मराठी वृत्तपत्रांत त्याचे नाव क्वचितच दिसते. (लेखात ‘गॅलाघर’ छापले आहे; आयर्लंडात तो मधला ‘घ’ उच्चारत नाहीत.) पण सोबतच्या चौकटीत ‘रोरी लूक’, म्हणजे रंग उडालेल्या जुन्या गिटारीचे रूप, मिळवण्यासाठी गिटारचा रंग पॉलिश पेपरने कसा उडवावा, ही कृती दिली आहे. ती वाचून कपाळाला हात लावला. चिपळूणपासून वेंगुर्ल्यापर्यंत ज्या घरांत पंधरा-वीस हजारांची गिटार आहे, तिथली पोरे हा उद्योग सुट्टीत करतील आणि आषाढात त्याची फळे भोगतील.

रोरीची ती रंग उडालेली गिटार म्हणजे १९६१ची फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर (थोडक्यात ‘स्ट्रॅट’), सनबर्स्ट, म्हणजे मधे फिकट आणि कडेला गडद होत जाणाऱ्या रंगाची. १९६३मध्ये आयर्लंडातल्या कॉर्क शहरातल्या क्राउलीच्या दुकानातून १०० पौंडांना, उधारीवर, त्याने ती जुनी म्हणून घेतली. तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. तिचा रंग त्याने कधीही घासला नाही. त्या काळचा मुलामा नायट्रोसेल्युलोज लॅकरचा, पातळ आणि काळानुसार ठिसूळ होणारा. त्यावर वर्षानुवर्षे रोज रात्री दोन-अडीच तास घाम गळत राहिला. शिवाय डब्लिनमध्ये ती एकदा चोरीला गेली आणि काही दिवसांनी एका चरात पडलेली सापडली. आयर्लंडातला पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही, पण थांबतही नाही. तेव्हा त्या दिवसांत तिचे काय झाले असेल ते सांगायला नको. मान, म्हणजे डाव्या हातात धरायचा लांब दांडा, घामाने इतकी ओली व्हायची की ती काढून वाळवावी लागे. मध्यंतरी त्याने दुसऱ्या माना लावून पाहिल्या, पण शेवटी मूळ मानेवरच परत आला. म्हणजे लेखात ज्याला ‘लूक’ म्हटले आहे, तो खरे तर बिघाड आहे. रोरी आयुष्यभर तो सोसत आणि दुरुस्त करत राहिला.

आता आपल्याकडच्या गिटारी. आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक गिटारींवर पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेनचा जाड थर असतो. तो घामाने उतरत नाही, म्हणून पोरे पॉलिश पेपर घेतात. आधी ८० नंबरने थर फुटतो, त्याची बारीक भुकटी नाकात जाते आणि खाली निघते ते बासवूड, पॉपलर किंवा सरळ प्लाय. रोरीच्या गिटारीतले ऑल्डर हे लाकूड नव्हे. उघडे पडलेले हे मऊ लाकूड जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा पीत राहते. ब्रिजचे (अंगावर तारा ज्यावर टेकतात त्या भागाचे) आणि मानेचे स्क्रू जिथे घट्ट बसायला हवेत तिथली भोके सैल होतात, स्क्रू नुसते फिरतात. मान ज्या खाचेत बसते ती फुगते. प्लाय असेल तर कडेने पापुद्रे सुटतात. गणपतीत गिटार बाहेर काढावी तर अंगावर हिरवट बुरशी. पखवाजाची पुडी पावसात उतरते हे डबलबारीला (दोन भजनी बुवांच्या सामन्याला) बसणाऱ्या कुठल्याही भजनी बुवाला ठाऊक असते; गिटारीचे लाकूडही त्याच हवेत राहते, एवढे लक्षात घेतले तरी पुष्कळ.

पावसाळ्यासाठी मुख्य गोष्ट म्हणजे मानेचा बाक मोजत राहणे. तार पहिल्या पट्टीवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट) आणि मान जिथे अंगाला मिळते त्या पट्टीवर एकाच वेळी दाबून धरावी. मधे, सातव्या-आठव्या पट्टीपाशी, तार आणि पट्टी यांत साधारण पाव मिलिमीटर फट राहायला हवी. ती मोजायला दुचाकीच्या गॅरेजमध्ये टॅपेट लावायला वापरतात ते फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पात्यांचे मापक) पुरते. फट वाढली तर ट्रस रॉड, म्हणजे मानेतली पोलादी सळी, घड्याळाच्या दिशेने आवळायची. फट उरलीच नाही तर उलट सैल करायची. पण एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही, आणि मग एक दिवस थांबून पुन्हा मोजायचे. लाकूड सावकाश हलते. घाईने आवळलेल्या सळीचे आटे गेले की ती दुरुस्ती गिटारीच्या किमतीच्या निम्म्यात जाते. रोरीच्या गिटारीत ही सळी अंगाच्या बाजूने फिरवावी लागे, म्हणजे प्रत्येक वेळी चार स्क्रू काढून मान सैल करायची. नव्या गिटारींत ती बहुधा डोक्याकडून ऍलन कीने फिरते. ही सोय आहे, तर वापरावी.

जांभ्याच्या बाहेरच्या भिंतीवर, विशेषतः पश्चिमेच्या, गिटार टांगू नये. ती भिंत चार महिने ओलीच असते. कडक पेटीत सुमारे पाव किलो सिलिका जेल (ओलावा शोषणारे खडे) आणि काहीशे रुपयांचे डिजिटल आर्द्रतामापक ठेवावे. आकडा ४५ ते ५५ टक्क्यांत राहिला तर उत्तम, आपल्याकडे ६०वर थांबला तरी जिंकलो. जेल ओले झाले की तापवून पुन्हा वापरायचे असते, म्हणून ते नारिंगी जातीचे घ्यावे. निळ्यात कोबाल्टचे क्षार असतात आणि ते घरातल्या तव्यावर तापवणे बरे नाही. वाजवून झाले की तारा खालून-वरून कोरड्या सुती फडक्याने पुसाव्यात. ब्रिजवरच्या बारीक उंचीच्या स्क्रूंना शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब, तोही टाचणीच्या टोकाने, दिवाळीपर्यंत दोनदा. खाऱ्या वाऱ्याने हे स्क्रू जाम झाले की मग पक्कड लागते आणि पक्कड लागली की खोबण जाते.

लेखात रोरीची कारकीर्द तीन ओळींत आटोपली आहे. जन्म २ मार्च १९४८, डोनेगल परगण्यात, समुद्राकाठच्या बॅलीशॅनन गावी. वडील एर्न नदीवरच्या वीज प्रकल्पावर कामाला होते. कोयनेसाठी अलोरे-पोफळीत येऊन राहिलेल्या कुटुंबांना हे चित्र ओळखीचे वाटेल. लहानपण पुढे डेरी आणि कॉर्कमध्ये गेले. सुरुवात लग्नसमारंभ आणि नाचाच्या हॉलमध्ये वाजवणाऱ्या शोबँडमधून, मग १९६६मध्ये स्वतःची ‘टेस्ट’ ही तिघांची मंडळी, १९७०च्या इंग्लंडमधल्या आइल ऑफ वाइट संगीत महोत्सवात गाजलेली आणि त्याच वर्षाअखेर फुटलेली. १९७१पासून स्वतःच्या नावाने. अमेरिकी ब्लूज गायक मडी वॉटर्सच्या लंडनमधल्या ध्वनिमुद्रणात त्याने साथ केली. जानेवारी १९७५मध्ये रॉटरडॅमला रोलिंग स्टोन्सबरोबर वाजवून पाहिले आणि ठरलेल्या दौऱ्यासाठी जपानला निघून गेला. मृत्यू १४ जून १९९५ला, यकृत प्रत्यारोपणानंतरच्या संसर्गाने, वयाच्या ४७व्या वर्षी. ‘नशेने संपला’ हे लेखातले वाक्य अर्धवट आहे. विमानाची भीती घालवायला डॉक्टरांनीच दिलेल्या गोळ्या आणि त्यावर मद्य, या दोहोंनी यकृत गेले.

ज्या ‘आयरिश टूर ’७४’ या अल्बमचे मुखपृष्ठ लेखात छापले, त्याबद्दल ‘एका रात्रीत ध्वनिमुद्रित’ असे म्हटले आहे. ते चूक. जानेवारी १९७४मध्ये बेलफास्टचा अल्स्टर हॉल, डब्लिनचे कार्लटन सिनेमागृह आणि कॉर्कचा सिटी हॉल या ठिकाणच्या कार्यक्रमांतून ही दोन तबकड्यांची ध्वनिमुद्रिका बांधली आहे. ध्वनिमुद्रण ब्रिटिश संगीतकार रॉनी लेनच्या फिरत्या स्टुडिओवर झाले. उत्तर आयर्लंडातल्या संघर्षात होणाऱ्या बॉम्बस्फोटांमुळे बाहेरचे वादक बेलफास्टला यायला कचरत होते, तेव्हा रोरी तिथे जात राहिला. अल्स्टर हॉलमधल्या श्रोत्यांच्या आरोळ्या कशासाठी आहेत ते यावरून कळते. साथीला बासवर जेरी मॅकअव्हॉय, ड्रमवर रॉड डीॲथ, कीबोर्डवर लू मार्टिन. ‘क्रेडल रॉक’, ‘टॅटूड लेडी’, ‘अ मिलियन माइल्स अवे’ आणि ‘हूज दॅट कमिंग’ ही चार गाणी आधीच्याच वर्षीच्या ‘टॅटू’ या अल्बममधली. दोन्ही लागोपाठ ऐकावीत. स्टुडिओत मोजून बसवलेली गाणी रंगमंचावर किती सैल आणि तरी किती पक्की होतात, हे शिकायला दुसरा क्लास नको. ‘अ मिलियन माइल्स अवे’ किनाऱ्यावरच्या माणसाला विशेष कळेल. तांडेल आणि खलाशी गमावून धक्क्यावर एकटाच उरलेला माणूस त्यात बोलतो. ते जवळजवळ साडेनऊ मिनिटे चालते आणि मध्यभागी गिटार इतकी हळू होते की मोबाईलच्या स्पीकरवर काहीच ऐकू येत नाही. हेडफोन घ्यावा.

तो हळू-मोठा खेळ कुठून येतो, हे ज्यांना हवे त्यांनी रंगाऐवजी इकडे लक्ष द्यावे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा त्याचा संच म्हणजे स्ट्रॅट, डॅलस रेंजमास्टर हा ट्रेबल बूस्टर (वरचे सूर ठळक करणारी छोटी पेटी) आणि व्हॉक्स एसी-३० ॲम्प्लिफायर. आवाज बदलणाऱ्या पेडलांची रांग नव्हती. बूस्टर कायम चालू, आणि गिटारचा व्हॉल्यूम चार-पाचवर आणला की स्वच्छ, दहावर नेला की करकरीत. स्ट्रॅटची कंप देणारी दांडी त्याने बंदच करून टाकली होती. जो कंप ऐकू येतो तो बोटांचा.

रेंजमास्टरची नक्कल घरी करता येते, पण आपल्या हवेत ती एका जागी हमखास फसते. त्यात एकच जर्मेनियम ट्रान्झिस्टर असतो, मूळचा ओसी-४४. आपल्याकडे जुन्या रेडिओतून एसी-१२८ निघतो, गळती (नको असताना वाहणारा प्रवाह) कमी असलेला निवडून घेतला तर चालतो. आत येणारा कपॅसिटर अवघा ५ नॅनोफॅरडचा, तोच खर्ज गाळतो. ट्रान्झिस्टरची तीन टोके म्हणजे बेस, एमिटर आणि कलेक्टर: बेसला पुरवठ्याकडून ४७० किलोओहम, जमिनीकडे (अर्थकडे) ६८ किलोओहम, एमिटरला ३.९ किलोओहम आणि त्याला समांतर ४७ मायक्रोफॅरड, कलेक्टरवर १० किलोओहमचा पॉट (खुंटीने फिरवायचा रोधक). नऊ व्होल्टच्या ताज्या बॅटरीवर कलेक्टरपाशी सुमारे ७ व्होल्ट मिळायला हवेत. गडबड अशी की जर्मेनियमची गळती साधारण दर दहा अंशांना दुप्पट होते. जानेवारीत सकाळी जुळवलेला बूस्टर मे महिन्यात पत्र्याच्या मंडपात ५ व्होल्टवर उतरतो आणि सूर अडकल्यासारखा, चिरकत येतो. पोरे मग तारा बदलतात, केबल बदलतात. ६८ किलोच्या जागी १०० किलोओहमचा प्रीसेट (स्क्रू-ड्रायव्हरने फिरवायचा रोधक) घालून तो जागेवरच थोडा कमी करून पुन्हा ७ व्होल्ट आणणे, एवढेच काम असते. हा सर्किट धन-अर्थिंगचा, म्हणजे बॅटरीचे धन टोक अर्थला जोडलेला, असल्याने बाकीच्या पेडलांच्या सामाईक ॲडॅप्टरवर लावू नये, पुरवठा शॉर्ट होतो. त्याला स्वतःची बॅटरी द्यावी. आणि एसी-३०चे ‘नॉर्मल’ चॅनेल मंद होते म्हणून हा प्रखर बूस्टर तिथे शोभला. मुळातच चरचरणाऱ्या ट्रान्झिस्टर ॲम्पवर तो कानात खिळा ठोकतो. तिथे ॲम्पचा ट्रेबल आधी निम्म्यावर आणावा.

ज्यांनी लेख वाचून गिटार घासूनच टाकली आहे, त्यांनी १०० ग्रॅम मेण काढलेली (डीवॅक्स्ड) चपडा लाख एक लिटर स्पिरिटमध्ये रात्रभर विरघळवून, गाळून, त्याचे सहा-सात पातळ हात द्यावेत. प्रत्येक हातानंतर ४०० नंबरचा पॉलिश पेपर अलगद. मनगट टेकते तिथे घामाने चपडा पांढरा पडतो, म्हणून तेवढ्या भागावर शेवटी पीयू (पॉलियुरेथेन) क्लिअर. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच करावे. दमट हवेत चपड्यात पाणी अडकते आणि सगळा थर दुधी होतो. तोपर्यंत गिटार सिलिका जेलसह पेटीत बंद राहू द्यावी.

– एक वाचक, मालवण