कलेचा तास कोणी पळवला?

महोदय,

परीक्षा जवळ आली की वेळापत्रकातून पहिला गायब होतो तो चित्रकलेचा किंवा संगीताचा तास. तो गणिताला ‘दिला’ जातो. गणिताचा तास चित्रकलेला दिल्याचे मी तरी कधी पाहिले नाही. म्हणूनच सरकारी शाळांत कला हा विषय ऐच्छिक न ठेवता सर्वांना सक्तीचा करावा, असे मला वाटते. ऐच्छिक विषयाचे असेच होते, आणि खर्चकपातीची कात्रीही आधी तिथेच चालते. ऐपत असलेल्यांची मुले गाणे, नृत्य बाहेर शिकतात. बाकीच्यांना सरकारी शाळेखेरीज जागा कुठे आहे?

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील कलम ३१ ने कलांमध्ये सहभागी होण्याचा मुलांचा हक्क मान्य केला आहे. फिनलंडच्या शाळांत संगीत, दृश्यकला आणि हस्तकला सर्वांना सक्तीच्या आहेत.

‘कलेमुळे गणितात गुण वाढतात’ हा बचाव मात्र नको. त्याचे पुरावे कच्चे आहेत. शिवाय असा हिशेब भूगोलाकडे कोणी मागत नाही. सक्ती करायची तर प्रशिक्षित शिक्षक, रंग, वाद्ये यांसाठी स्वतंत्र तरतूद हवी. आणि गुणपत्रिका त्या तासापासून लांब ठेवावी, म्हणजे बेसूर मुलालाही मोकळ्या गळ्याने गाता येईल.

– एक निवृत्त शिक्षक