सलाईनच्या स्टँडला बांधलेला फोन

गावभाग, सांगली

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू दोनदा विचारलंस, ‘आण्णा, आईचं शेवटी नक्की काय झालं?’ आणि दोन्ही वेळा मी ‘तुझ्याकडं किती वाजले’ म्हणून विषय बदलला. तुझ्याकडं किती वाजले ते मला पाठ आहे. स्वयंपाकघरात दुसरं घड्याळ तुझ्या आईनंच लावलंय, टोरांटोचं, साडेनऊ तास मागं. परवा त्याचा सेल संपला होता, बदलला. बोलायला गेलं की गळा धरतो, म्हणून लिहितोय. फिटरचं अक्षर आहे, सांभाळून घे.

आधी जे टाळतोय ते लिहितो, नाहीतर चार पानं दवाखान्याची होतील आणि ते राहूनच जाईल. मिरजेला नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, आई म्हणाली, ‘मनूला बोलवून घ्या.’ एकदाच म्हणाली. आमटीत मीठ कमी असलं तरी ती दुसऱ्यांदा सांगायची नाही, तुला माहीत आहे. मी ‘बघू’ म्हणालो. त्याच रात्री तुझा फोन आला, ‘येऊ का?’ म्हणालीस, आणि मी सांगितलं की साधी कावीळ आहे, उतरेल. तुझं तिकडचं कामाचं परमिट वाढवायला दिलंय, मधेच देश सोडला तर निकाल लागेपर्यंत काम बंद, हे तूच मागं समजावून सांगितलं होतंस. तेवढं निमित्त मला पुरलं. आत्याला तू म्हणालीस म्हणे, ‘मी आले नाही.’ तू आली नाहीस हे खरं नाही, बाळा. मी येऊ दिलं नाही.

का, तेही सांगतो. १९८७ साली मी मस्कतला होतो. आप्पा मिरजेला दवाखान्यात, आणि घरी तुझी आई एकटी, लग्नाला पुरतं दीड वर्षही झालं नव्हतं. तिनं तार केली: ‘फादर सिरियस स्टार्ट इमिजिएटली.’ सगळ्यांच्या तारा अशाच असायच्या, पोस्टातला माणूसच मजकूर सांगायचा. ती साइटवरच्या कॅम्पात माझ्या हातात पडायला तीन दिवस गेले. पासपोर्ट कंपनीकडं, रजा दोन वर्षांतून एकदा. मी ऑफिसच्या दारात बसून राहिलो, आणि तोवर इकडं सगळं आटोपलं होतं. पुढं दोन वर्षं ती तार माझ्या खिशात होती. वाटायचं, ही आलीच नसती तर बरं झालं असतं, निदान ते तीन दिवस झोप तरी लागली असती. तेच डोक्यात बसलेलं. म्हटलं, मनूच्या खिशात तसला कागद नको.

आईला मी हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, ‘तुमचं दुखणं तिच्या गळ्यात बांधू नका.’ तरी मी माझंच केलं.

आता दवाखान्याचं. आधीचे सहा दिवस इथल्याच एका मोठ्या दवाखान्यात आयसीयूत काढले. नाव लिहीत नाही, लिहून काय होणार? सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं, बाकी वेळ बाहेरच्या खुर्चीवर फाईल मांडीवर घेऊन बसायचं. दर चार तासांनी नावाचा पुकारा झाला की औषधं आणायला खाली पळायचं. आत गेलं की ती माझ्याकडं न बघता वरच्या मॉनिटरकडं बघायची, आणि मीही. सहाव्या दिवशी व्हेंटिलेटरच्या कागदावर सही मागितली, तेव्हा मी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन केला. ते स्कूटरवरून आले, रिपोर्ट चाळले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘कॅन्सर स्वादुपिंडातून लिव्हरपर्यंत पोचलाय. आता आजारावर नको, त्रासावर औषध देऊ.’ स्वतःच्या जबाबदारीवर पेशंट नेत आहे, असं लिहून दिलं. चोरी केल्यासारखी सही करायला लावतात त्या कागदावर.

मिरजेत त्यांच्या ओळखीचा एक छोटा दवाखाना आहे, वीस-बावीस खाटांचा. मिरज म्हणजे दवाखान्यांचंच गाव, डॉ. वॉन्लेसनी १८९४ मध्ये मिशनचं हॉस्पिटल काढलं तेव्हापासून, कर्नाटकातून गाड्या भरून माणसं येतात. वॉन्लेसवाडीवरून अँब्युलन्स जाताना आई म्हणाली, ‘आप्पांच्या वेळी याच रस्त्यानं सिटी बसनं जायचे, डब्याचं ओझं घेऊन.’ त्या दिवसात ती एवढंच बोलली.

तिथं पहिल्याच दिवशी मॉर्फिनच्या गोळ्या सुरू केल्या. मी घाबरलो. मला वाटलं, मॉर्फिन म्हणजे आता संपलंच. डॉक्टरांनी मला बसवून सांगितलं की असं समजूनच लोक आपलं माणूस तळमळत ठेवतात. १९८५ च्या कायद्यानं या औषधाभोवती इतकी परवान्यांची भानगड होती की दवाखाने ते ठेवायचेच नाहीत. २०१४ ला कायदा बदलला, तेव्हा कुठं जरा सोपं झालं. दर चार तासांनी दहा मिलिग्रॅमची गोळी, झोपताना दोन, म्हणजे मध्यरात्री उठवायला नको. सोबत पोट साफ व्हायचं औषध न चुकता, कारण मॉर्फिननं कोठा धरतो. दुसऱ्या रात्री तुझी आई चक्क घोरली. तीन महिन्यांत पहिल्यांदा घोरली, आणि मी पलंगाशेजारी बाकड्यावर बसून ऐकत राहिलो. आयुष्यभर ज्या घोरण्याला कावलो, तेच.

रात्रपाळीला एक सिस्टर होती, जतकडची, बोलण्यात कानडी हेल. तिचं मला सगळ्यात आधी काय खटकलं सांगू? ती फार बोलायची. कूस बदलायची तर ‘काकी, आता डाव्या अंगावर वळवते हं’, थर्मामीटर लावायचा तर ‘काकी, गार लागंल हं जरा.’ आई शुद्धीवर होती तोवर ठीक. शेवटचे दोन दिवस ती जवळजवळ गुंगीतच होती, तरी हिचं चालूच. मी एकदा म्हणालो, ‘सिस्टर, त्यांना कुठं ऐकू जातंय?’ ती कापसाचा बोळा पाण्यात बुडवत होती. म्हणाली, ‘गेलं तर? आणि न विचारता कसा हात लावायचा, काका?’ मग आईच्या कानाशी वाकून ‘ओठाला पाणी लावते हं काकी’ म्हणाली आणि लावलं.

मी तेहतीस वर्षं पाने चालवले. मशीन उघडताना कधी कुणाला विचारलं नाही. माणसांच्या बाबतीतही तीच सवय लागली असावी.

खाण्यावरून तुझ्या आत्यानं गोंधळ घातला. ‘पोटात अन्न नाही म्हणून खंगतीय, निदान सलाईन तरी लावा.’ डॉक्टर चिडले नाहीत. म्हणाले, ‘खात नाहीत म्हणून जात नाहीयेत, जायची वेळ आलीय म्हणून भूक बंद झालीय. आता सलाईन चढवलं तर ते पाणी हातापायांत आणि छातीत साठेल, धाप वाढेल.’ आत्याला ते पटलं नाही, पण गप्प बसली. मग त्या सिस्टरनं आत्याला एक काम दिलं: लिंबू सरबत करून कॅन्टीनच्या फ्रीजमध्ये त्याचा बर्फ करायचा, आणि खडा फडक्यात गुंडाळून आईच्या ओठांवर धरायचा. आईनं तो चोखला. डोळे मिटूनच म्हणाली, ‘साखर जास्त झालीय.’ आत्या रडली आणि हसली. तुला हे शब्द हवे होते ना? शुद्धीवरचे शेवटचे हेच. काहीतरी मोठं सांगून गेली असं मला लिहिता आलं असतं, पण तिला ते आवडलं नसतं.

पुढच्या रविवारी रात्री सिस्टर मला म्हणाली, ‘काका, काकी दाराकडं बघत्यात. कोण यायचं राहिलंय?’ मी म्हणालो, मुलगी परदेशात आहे. ‘सांगितलंय तिला?’ मी काही बोललो नाही. ती पण बोलली नाही, फक्त खुर्ची ओढून माझ्या हातात फोन दिला आणि बाहेर जाऊन उभी राहिली. तो फोन तुला आठवत असणार. तू बुधवारचं तिकीट काढलंस. डॉक्टरांनी मला तेव्हाच सांगितलं होतं की बुधवार लांब आहे. ते मात्र मी तुला सोमवारी सकाळी खरं सांगितलं.

आणि मग सोमवारची रात्र. तुला फोनवर आईचा चेहराच दिसत होता. फोनच्या या बाजूला काय होतं ते सांगतो, तुझं बघायचं राहिलं ते एवढंच आहे.

दोनच्या सुमाराला सिस्टर म्हणाली, आता फोन लावा. तुझ्याकडं दुपारचे साडेचार, तू ऑफिसच्या जिन्यात बसली होतीस. त्याआधी वॉर्डातल्या मावशींनी आईचे केस विंचरून वेणी घातली होती. ‘लेक बघणार, झिंज्या बऱ्या दिसत नाहीत,’ म्हणाल्या. कपाळाला टिकली त्यांनीच स्वतःच्या पाकिटातून काढून लावली. म्हणून तू म्हणालीस ना, ‘ही टिकली आईची नाही’? बरोबर ओळखलंस.

पहिली चाळीस मिनिटं फोन सिस्टरनं हातात धरला होता. माझा हात थरथरत होता, आणि टेकवायला जागा नव्हती. ती हात बदलायची तेव्हा तुला चित्र हललेलं दिसलं असेल. मग दुसऱ्या पेशंटला बघायला जायचं म्हणून तिनं रिकामा सलाईनचा स्टँड ओढला आणि बँडेजच्या पट्टीनं फोन त्याला बांधला, दोन आडवे वेढे, एक उभा, कॅमेरा मोकळा सोडून. अशी पकड मी वर्कशॉपमध्येही कमी बघितलीय. फोनची बॅटरी चौदा टक्क्यांवर आली होती. भिंतीत एकच प्लग, त्यात मॉनिटर. डॉक्टरांनी येऊन मॉनिटरकडं बघितलं, म्हणाले, ‘याचं आता काही काम नाही,’ आणि स्वतः पिन काढून तिथं तुझ्या फोनचा चार्जर लावला. टिकटिक थांबली, खोलीत फक्त तुझा आवाज राहिला. तू शाळेतल्या गॅदरिंगची गोष्ट सांगत होतीस, तुझा परकर सुटला होता आणि आईनं विंगेतून सेफ्टी पिन फेकली होती ती. मावशी दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

चार वाजता घशातून घरघर सुरू झाली, आणि तू ओरडलीस, ‘आण्णा, तिला गुदमरतंय!’ तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. सिस्टरनं नंतर सांगितलं ते लिहितो. शेवटी माणसाला गिळता येत नाही, खोकता येत नाही, त्यामुळं घशात लाळ साठते आणि श्वास त्यातून जाताना आवाज येतो. तो ऐकणाऱ्याला सोसत नाही, पण पेशंट इतका खोल गुंगीत असतो की त्याला ते जाणवत नाही. नळी घालून ओढलं तर उलट टोचतं, म्हणून तिनं फक्त कूस बदलली, एक इंजेक्शन दिलं. ‘काकी, वळवते हं’ हे तू ऐकलं असशील. आईच्या कपाळावर आठी नव्हती, मनू. मी बोट फिरवून बघितलं.

पाच वाजून चाळीस मिनिटांनी श्वास थांबला. तुला ते आमच्या आधी कळलं, तू बोलता बोलता गप्प झालीस. फोन बंद करू का असं सिस्टरनं तुला विचारलं आणि तू नको म्हणालीस. मग अंग पुसून, साडी नेसवून होईपर्यंत तिनं स्टँड खिडकीकडं वळवून ठेवला. तुला बाहेरचं बदामाचं झाड दिसलं असेल, उजाडत होतं.

पुढचं थोडक्यात. रक्षा हरिपूरला संगमावर सोडली, वारणेचं पाणी गढूळ होतं, कृष्णेचं जरा बरं. दहाव्याला कावळा लगेच शिवला. आत्या म्हणाली, तृप्त गेली. मला वाटतं कावळ्याला भूक होती. बिलात रात्रीच्या फोनच्या गडबडीचा पैसाही धरलेला नव्हता. मी सिस्टरसाठी हळदीच्या पुड्या आणि भडंग नेलं, तर ती म्हणाली, भडंग सगळ्यांना वाटते, हळद घरी नेते.

आप्पा गेल्यावर तुझ्या आईनं मला मस्कतला निळ्या एरोग्रामवर पत्र लिहिलं होतं. तार फेकून दिली मी पुढं कधीतरी, पण ते पत्र ट्रंकेत आहे. त्यात तिनं लिहिलंय की आप्पा सारखे ‘आज वार कोणता’ विचारायचे, म्हणून नर्सनं ऑफिसातला तारखेचा ठोकळा काढून त्यांच्या पलंगासमोर टांगला, आणि रोज सकाळी आप्पाच कागद फाडायचे. मी तो ठोकळा कधी बघितला नाही, पण आजही विचारलंस तर त्याचा खिळा कुठं होता ते सांगेन. हे पत्र त्यासाठी.

आणखी एक काम आहे. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये निकाल दिला की शेवटी कुठले उपचार नकोत ते माणसानं आधी लिहून ठेवलेलं चालतं, आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. मॅजिस्ट्रेट नको, दोन साक्षीदार आणि नोटरी पुरतो. मी तो कागद तयार करतोय. नळ्या नकोत, आयसीयू नको, दुखू देऊ नका, बस. मला बोलता येईनासं झालं तर डॉक्टरांनी कुणाला विचारायचं, त्यांची नावं त्यात घालायची असतात. एक तुझ्या आतेभावाचं घातलंय, तो जवळ आहे. दुसरं तुझं घालायचंय. लांब आहेस, ओझं होईल, हे सगळं मी आधी स्वतःशीच ठरवायला लागलो होतो. आता विचारतोय.

तुझं नाव सध्या पेन्सिलनं लिहिलंय. हो म्हणालीस तर शाईनं करतो.

तुझे
आण्णा

ता. क. आईच्या पत्राचा फोटो काढून पाठवत नाही. परमिटचं झालं की ये, आणि हातात घेऊन वाच.