आमसुलाचा रंग उकळून घालवू नका

महोदय,

कोकमाचा लाल रंग म्हणजे अँथोसायनिन, एक उत्तम अँटिऑक्सिडंट. आंबटपणात तो टिकतो, पण उष्णतेने आणि उजेडाने विटतो. म्हणून सारासाठी आमसुले उकळत ठेवू नयेत. ७-८ आमसुले वाटीभर कोमट पाण्यात ३० मिनिटे भिजवून कुस्करावीत आणि कोळ गॅस बंद केल्यावरच घालावा. चोथा टाकणे तर नुकसानच. सालीतले गार्सिनॉल हे दुसरे अँटिऑक्सिडंट पाण्यात फारसे उतरत नाही, तेव्हा तो आमटीत घालावा. बिनकल्हईचे पितळ आणि अ‍ॅल्युमिनियम टाळावे, आम्लाने धातू अन्नात उतरतो. आगळ (कोकमाचा खारवलेला रस) पारदर्शक बाटलीत उन्हात राहिले की तपकिरी पडते. दुकानांत ते नेमके तसेच मांडलेले पाहून वाईट वाटते. विक्रेत्यांनी गडद बाटल्या वापराव्यात.

– कोकणी आहाराचे अभ्यासक, रत्नागिरी